सांध्याचे गणगोत

मौजे वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, हे गाव सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर लागते, आणि स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या बहुतेक यात्रेकरूंना ते गाडीच्या खिडकीतून दिसते तेवढेच ठाऊक असते. ज्यांना सामाजिक इतिहासाची आस्था आहे त्यांना ते, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिचे पाणी प्राशन केले त्या विहिरीमुळे वंदनीय वाटते. माझ्या मनात मात्र या गावाची जी एक खासगी नोंद आहे ती पन्नास मिलिमीटरांची आहे, आणि लोखंडी इमारतीच्या सांध्याविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा उगम त्या पन्नास मिलिमीटरांतच असल्यामुळे तो वृत्तान्त आधी सांगणे भाग आहे.

गावाबाहेर एका गोदामाची उभारणी चालू होती आणि तिच्या नकाशांची जबाबदारी आम्हा दोघातिघांकडे होती. खांब उभे राहिले होते. मधल्या मजल्याच्या तुळया क्रेनने एकेक वर जायच्या होत्या. नकाशात तुळई ‘आयएसएमबी ३००’, म्हणजे तीनशे मिलिमीटर उंचीची, दाखवलेली होती. ऐन वेळी तो माल बाजारात पुरेसा मिळेना, तेव्हा साडेतीनशेची तुळई घेण्यास मंजुरी मिळाली, आणि मजल्याची पातळी कायम असल्यामुळे तुळईचा माथा होता तेथेच ठेवून वाढलेली उंची खाली सोडावी असे ठरले. निर्णय निर्दोष होता. परंतु खांबाला वेल्ड केलेल्या उभ्या प्लेटीवरील भोके ज्याने नकाशात मांडली त्याने ती तुळईच्या माथ्यापासून मोजली होती: ९०, १५०, २१०, आणि तुळईच्या वेबमधील, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीतील, भोके ज्याने मांडली त्याने ती तुळईच्या तळापासून मोजली होती: तीच ९०, १५०, २१०. तीनशेच्या तुळईत ही दोन्ही मोजमापे एकाच जागी येऊन मिळत होती, म्हणून तपासणीत कोणाच्याही ध्यानात काही आले नाही. साडेतीनशेच्या तुळईत मात्र त्यांच्यात नेमके पन्नासाचे अंतर पडले. तुळई जागेवर आली तेव्हा प्लेटीच्या वरच्या भोकासमोर कोरे लोखंड होते, तुळईचे खालचे भोक प्लेटीच्या कडेबाहेर लोंबत होते, आणि मधली दोन भोके दहा-दहा मिलिमीटरांनी सरकल्यामुळे पलीकडचा उजेड चंद्रकोरीसारखा दिसत होता. घरी कानडी आणि कामावर मराठी बोलणाऱ्या आमच्या वृद्ध फिटरने त्या कोरीत बोट घालून पाहिले आणि दोन्ही भाषा सोडून नुसती मान हलवली.

गॅसकटरने भोके लांबट करून बोल्ट घुसवण्याचा मोह अशा वेळी साऱ्यांनाच होतो. तो आम्ही आवरला. खांबांवरच्या प्लेटी कापून काढल्या, नव्या लावल्या, चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मला जे उमगले ते एवढेच की, दोन्ही नकाशांत एकही आकडा चुकीचा नव्हता. चुकले होते ते आकड्यांचे नाते. कोणते माप कोणापासून धरायचे हे कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते, ते दोघांच्या मनात होते, आणि दोन मनांत निरनिराळे होते.

लोखंडी इमारतीत तुळई आणि खांब हे तसे परके असतात. गिरणीतून लाटून आलेला माल सर्वत्र सारखाच. इमारतीला तिचे म्हणून जे काही व्यक्तित्व असते ते सांध्यात असते, आणि तिचा घातही बहुधा तेथेच होतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी एका मोठ्या हॉटेलातील टांगते सज्जे कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे मूळ आराखड्यात एकच अखंड लोखंडी सळई छतापासून दोन्ही सज्ज्यांना ओवून खाली येत होती. पुढे बनावटीच्या सोयीसाठी त्या सळईचे दोन तुकडे करण्यात आले, त्यामुळे खालचा सज्जा वरच्या सज्ज्याच्या तुळईलाच लटकला आणि त्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. कागदावर तो फेरफार अगदी किरकोळ दिसतो. सांध्याचा तपशील हा दुय्यम कारकुनी मजकूर आहे असे मानणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने तो एक नकाशा समोर टांगून ठेवावा असे माझे प्रांजळ मत आहे.

या तपशिलाचे काम पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर होई, आणि त्याही आधी कारखान्याच्या फरशीवर पूर्ण आकाराच्या रेषा मारून, त्यांवरून फर्मे कापून होई. आज ते संगणकातील त्रिमिती प्रतिकृतीत होते. ज्या प्रणालीवर मी हे काम शिकलो ती ‘टेक्ला’ या कंपनीची ‘टेक्ला स्ट्रक्चर्स’. फिनलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव ‘तांत्रिक गणन’ या अर्थाच्या दोन फिनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. तिची पोलादी बांधकामाची प्रणाली आधी ‘एक्सस्टील’ म्हणून ओळखली जाई, २००४ पासून तिला आजचे नाव मिळाले, आणि २०११ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या ‘ट्रिंबल’कडे गेली. या प्रणालीत शेकडो तयार सांधे असतात. परंतु प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी, प्रत्येक देशाचा माल वेगळा, म्हणून आपला सांधा आपणच घडवण्याची मुभा तिने ठेवलेली आहे, आणि तीच या लेखाचा खरा विषय आहे.

असा सांधा घडवण्याचा क्रम बाहेरून पाहता सोपा वाटतो. एक खांब आणि एक तुळई घ्यायची, त्यांच्यामध्ये हवी तशी प्लेट, बोल्ट, वेल्ड आणि छेद हाताने बसवायचे, मग हा सारा समूह निवडून त्याला नाव द्यायचे आणि प्रणालीला सांगायचे की यांतील मुख्य घटक खांब, दुय्यम घटक तुळई. एवढ्याने सांधा तयार होतो आणि दुसऱ्या खांब-तुळईच्या जोडीवर लावताही येतो. परंतु तो आंधळा असतो. तीनशेच्या तुळईसाठी केलेली प्लेट तो साडेचारशेच्या तुळईवर तशीच चिकटवतो आणि दोनशेच्या तुळईत तिचे टोक फ्लँजमधून, म्हणजे आडव्या पट्टीतून, बाहेर काढतो, कारण आपण त्याला केवळ आकार दिला, आकाराचे कारण दिले नाही.

कारण देण्यासाठी संपादनाची निराळी खोली उघडावी लागते. तेथे सांध्याचे सर्व अवयव समोर सुटे मांडलेले असतात, आणि प्रत्येक अवयवाचे प्रत्येक टोक कोणत्या तरी पृष्ठाला बांधता येते: तुळईच्या माथ्याला, तिच्या तळाला, वेबच्या मध्याला, खांबाच्या दर्शनी फ्लँजला. या बांधणीतून जे अंतर निर्माण होते त्याला एक नाव मिळते, डी१, डी२ असे. आणि या अंतरांखेरीज आपल्याला स्वतःचे चलही नेमता येतात, प्लेटीची जाडी, बोल्टचा व्यास, बोल्टची संख्या, दोन बोल्टांमधील पल्ला, अमुक ताठपट्टी हवी की नको. मग त्यांच्यात सूत्रे लिहायची. प्लेटीची उंची हा आकडा म्हणून लिहायचाच नाही. ती म्हणजे बोल्टच्या संख्येतून एक वजा करून पल्ल्याने गुणायचे आणि त्यात कडेचे अंतर दोनदा मिळवायचे. एम-२० बोल्ट, पल्ला ६०, कड ४०, बोल्ट तीन, तर प्लेट २०० मिलिमीटर. बोल्ट चार केले की ती आपोआप २६० होते, दोन केले की १४०. आणि बोल्ट किती हेही तुळईच्या उंचीवरून ठरवण्याची अट घालता येते: अडीचशेच्या आतबाहेर दोन, तीनशे-साडेतीनशेला तीन, चारशेला चार.

हे पल्ले आणि कडा मनमानीने घ्यायच्या नसतात. आपली ‘आयएस ८०० : २००७’ ही संहिता सांगते की दोन बोल्टांमधील अंतर बोल्टच्या व्यासाच्या अडीच पटींहून कमी नसावे, म्हणजे एम-२० साठी ५०, त्याचे भोक २२ मिलिमीटरांचे, आणि भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर, कड यंत्राने सफाईदार कापलेली असेल तर भोकाच्या दीडपट, म्हणजे ३३, आणि कातरलेली किंवा हाताने गॅसवर कापलेली असेल तर १.७ पट, म्हणजे ३७.४. सोलापूर परिसरातील लहान फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लेट हातानेच कापली जाण्याचा संभव असतो, म्हणून मी ४० धरतो. आणि सूत्र लिहिताना नुसते ४० न लिहिता ‘भोकाच्या १.७ पटींहून कमी नको’ अशी अट लिहितो, म्हणजे उद्या कोणी एम-२४ चा बोल्ट निवडला तर प्लेट स्वतःच रुंदावेल.

ही रीत पश्चिमेकडून आलेली असली तरी तिच्यामागचा विचार आपल्याला अपरिचित नाही. मूर्तिशास्त्रात मूर्तीचे माप हातांत वा फुटांत सांगत नाहीत. ते मुखाच्या उंचीत, म्हणजे तालात सांगतात, ताल बारा अंगुलांचा, आणि नवताल मूर्ती एकशे आठ अंगुलांची. मुख केवढे हे शिल्पी दगड पाहून ठरवतो आणि मग कंठ, बाहू, जानू सगळे त्या एका मापापासून आपापल्या नात्याने ठरत जातात. ज्याने हे मानशास्त्र रचले त्याने मूर्ती सांगितली नाही, नात्यांचे कोष्टक सांगितले. सोलापुरात याच्या उलट उदाहरण आहे. येथील चादरीची नक्षी जाकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने उमटते. हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरी सिद्ध झाले. पुठ्ठ्यांची माळ नक्षी अचूक स्मरणात ठेवते, हजार चादरींत एक धागा इकडचा तिकडे होऊ देत नाही. परंतु चादर हातभर रुंद करायची म्हटले की ती माळ निरुपयोगी होते, नवी कापावी लागते. नुसता गोठवलेला सांधा म्हणजे पुठ्ठ्यांची माळ, आणि बांधणी केलेला सांधा म्हणजे ताल.

नाते बांधताना खरा कस लागतो तो ‘कोणाशी’ या प्रश्नावर. प्रणाली पृष्ठांचे अनेक प्रकार पुढे करते. घटकाच्या भोवती कल्पिलेल्या पेटीच्या बाजू धरता येतात, किंवा घटकाच्या प्रत्यक्ष आकाराच्या रेषेवरील पृष्ठे धरता येतात. दुसरा मार्ग अधिक नेमका, म्हणून नवशिका तोच धरतो. परंतु आय-आकाराच्या तुळईऐवजी उद्या कोणी चॅनल वा चौकोनी पाइप घातला की ती पृष्ठेच नाहीशी होतात आणि प्लेट भलतीकडे फेकली जाते. पेटीच्या बाजू मात्र प्रत्येक घटकाला असतातच. मी शक्य तेथे पेटीच धरतो, आणि बोल्टांचा समूह नेहमी तुळईच्या माथ्याला बांधतो, कारण मजला माथ्यावर बसतो. तुळई जाड वा पातळ होवो, मजल्याची पातळी ढळत नाही. वळसंगला आमच्यापैकी एकाने जे गृहीत धरले होते आणि दुसऱ्याने धरले नव्हते, ते येथे एकदाच, एकाच ठिकाणी, सर्वांना दिसेल असे लिहिले जाते. मला या साधनाचा लोभ आहे तो याचसाठी. वेग वाढतो, वेळ वाचतो, हे सगळे खरे. याच तालुक्यात औष्णिक वीज केंद्राचे ६६० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत, आणि अशा संचाच्या बॉयलरच्या पोलादी सांगाड्यात किती सांधे असतील याची कल्पना केली तर वेगाचे मोल कोणालाही पटेल. परंतु अभियंत्याचा हेतू दस्तऐवजात उतरतो, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

सांधा लागला की त्याच्या जागी एक लहानसा शंकू दिसतो. हिरवा असेल तर सांधा बिनतक्रार तयार झाला. पिवळा असेल तर झाला पण काही उणे आहे, बहुधा बोल्ट कडेच्या फार जवळ गेला आहे. तांबडा असेल तर झालाच नाही. या हिरव्या रंगावर विसंबून राहणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला चिंता वाटते. तो रंग भूमितीची ग्वाही देतो, बळाची नाही. प्लेट फाटेल की नाही, वेल्ड टिकेल की नाही, हे त्याला विचारलेले नसते. कॅन्सस सिटीची ती दोन तुकड्यांची सळईही या शंकूने हिरवीच दाखवली असती. बळाचे गणित स्वतंत्र करावे लागते आणि त्याखाली माणसाला सही करावी लागते.

म्हणून नवा सांधा तयार झाला की मी त्याची फाइल इतरांच्या हवाली करण्यापूर्वी एक कोरी प्रतिकृती उघडतो आणि त्यात खांब-तुळयांच्या आठ-दहा जोड्या मांडतो: दोनशेची, अडीचशेची, चारशेची, एक तिरपी, एक उतरती, एक चॅनलची. प्रत्येकीवर सांधा लावून पाहतो. शेवटची जोडी मात्र नेहमी ठरलेली असते. तीनशेची तुळई, तीन बोल्ट, माथ्यापासून ९०, १५०, २१०. मग तुळई निवडायची, तिचा छेद बदलून साडेतीनशे करायचा आणि पडद्याकडे पाहत राहायचे. तुळई खालच्या बाजूने पन्नास मिलिमीटर वाढते. वेबमधली भोके आणि प्लेटीतली भोके एकमेकांवर तशीच स्थिर राहतात, आणि मी जवळ जाऊन त्यांच्यातून पलीकडचा संपूर्ण गोल दिसतो की नाही ते पाहतो.