मासा कुठे असतो?

मासा पाण्यात असतो, हे लहान पोरही सांगेल. पण सगळ्या पाण्यात मासा नसतो. एकाच नदीवर दोघे जण गरी टाकून बसतात. दोघांत दहा पावलांचे अंतर. एकाची टोपली भरते आणि दुसरा हात हलवीत घरी जातो. लोक म्हणतात, नशीब! आम्ही म्हणतो, नशीब थोडे आणि नजर जास्त. पाण्याकडे कसे पाहावे ते कळले की मासा सापडतो. आमचा मुलूख कोकणचा. म्हणून दाखले तिकडचेच देतो.

माशाला तीन गोष्टी लागतात. हवा, खाणे आणि लपायला जागा. या तिन्ही जिथे मिळतात तिथे मासा राहतो.

हवा म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा. गार पाण्यात ती जास्त असते, ऊन पाण्यात कमी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात नदीचे पाणी दुपारी कोमट होते. मग मासा उथळ जागा सोडतो आणि खोल डोहात, झाडाच्या सावलीत जातो. जिथे पाणी दगडांवरून आपटत, फेसाळत खाली येते तिथे त्यात हवा मिसळते. त्या धारेच्या खाली, जरा बाजूला, पाणी संथ होते. तिथे मोठ्या धोंड्याच्या आड मासा उभा असतो. धारेत पोहण्याचे श्रम नाहीत आणि वाहून येणारा किडा आयता तोंडाशी. आपणही लग्नात वाढप्याच्या वाटेवरच पान धरतो ना!

म्हणून उन्हाळ्यात गरवायला जायचे तर पहाटे किंवा दिवस कलल्यावर जावे. भर दुपारी बसून फक्त डोके तापते. बगळा, खंड्या, पाणकावळा कुठे बसतात तेही पाहावे. त्यांचे पोट त्यावरच चालते. ते उगीच बसत नाहीत.

तळ्यात मरळ असेल तर ती वर येऊन हवा घेते, तेव्हा पाणी हलते. कधी पाण्यावर लालसर, बारीक पिलांचा घोळका दिसतो. ती मरळीची पिले. आईबाप खाली राखणीला असतात. तिथे गरी टाकली तर मरळ लगेच मिळते, हे खरे. पण राखणदार गेला की पिले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. तो घोळका दिसला तर जागा सोडावी.

आता डोहाविषयी थोडे जास्त बोलतो. नदी आटली की सगळा मासा डोहात गोळा होतो. तिथे तो धरायला सोपा. म्हणून काही लोक डोहात विष कालवतात, नाहीतर सुरुंगाची दारू उडवतात. एका दिवसात पोतेभर मासे निघतात आणि पुढे काही वर्षे त्या नदीत बेडकाशिवाय काही दिसत नाही. कारण डोहातला मासा म्हणजे पुढल्या सालचे बियाणे. दाणा पेरण्याआधी दळून खाल्ला तर शेत काय पिकणार? १८९७ सालच्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. पण कायद्याआधीही आपल्या लोकांना ही अक्कल होती. महाड तालुक्यात वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात. कुणी धरीत नाही. लोक त्यांना कुरमुरे घालतात. देव कुणी मानो न मानो, त्या डोहात बियाणे टिकले.

पहिल्या पावसाची गोष्टही अशीच. नदीला नवे पाणी आले की मासा उलटा वर चढतो. ओढ्यात, शेतात शिरतो. कुठे याला चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. ते खायला गोड लागतात, कारण पोटात गाबोळी असते. मासा अंडी घालायला चाललेला असतो. आम्ही खाऊ नका म्हणणार नाही. म्हटले तरी कुणी ऐकणार नाही! घरापुरते घ्या. पण ओढ्याचे तोंड जाळ्याने पुरे बंद करू नका.

धरणात आणि मोठ्या तलावात मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते. आधी मच्छीमार संस्थेला विचारावे.

खाडीचे गणित निराळे. तिथे घड्याळ भरती-ओहोटीचे. भरतीबरोबर बोय, काळुंदर, तांबोशी आत येतात आणि तिवराच्या मुळांत, चिखलावर चरतात. ओहोटी लागली की लहान ओहोळांतून कोळंबी आणि पिले खाडीत ओढली जातात. मोठा मासा ओहोळाच्या तोंडाशी टपून बसतो. तीच गरी टाकण्याची जागा. पाणी थांबलेले असते तेव्हा मासा सहसा खात नाही. तेव्हा विडी ओढत बसावे लागते. नको तो नाद!

भरती केव्हा, हे बोटांवर काढता येते. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला तिथी पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, खाडीत आत आत गेले की उशिरा. आपल्या बंदरावर दोन-तीन दिवस ताडून पाहावे. मोबाइलवरही वेळा मिळतात. पण मोबाइल भिजतो, पाढा भिजत नाही.

हे गणित माशापेक्षा जिवासाठी जास्त कामाचे. ओहोटीत माणूस गरी घेऊन पुढच्या खडकावर जातो. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. भरतीचे पाणी आधी मागच्या घळीत शिरते. पहिल्या तासात ते थोडेच चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात झपाट्याने चढते. परतीची वाट बुडालेली असते आणि याला पत्ताच नसतो. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, हा धोका सगळ्यात मोठा. ओहोटी संपून पाणी फिरले की खडक सोडायचा. गरीला मासा झुंजत असला तरी सोडायचा.

पावसाळ्यात खडकावर जाऊच नये. १ जूनपासून यांत्रिक नौकांनाही दोन महिने समुद्रात बंदी असते. त्यात त्यांचा जीव आणि माशांची वीण, दोन्ही वाचतात.

जाळ्यात केंड आला, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा मासा, तर फेकून द्यावा. त्याचे विष शिजवूनही जात नाही. चिखलात चालताना पाय उचलून टाकू नये, घसटत न्यावा. म्हणजे तळाशी बसलेले पाकट निघून जाते. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, आणि दवाखाना गाठावा. काटा आत मोडला असेल तर घरी कोरून काढू नये.