स्टॉक फोटो रिजेक्ट का होतात? अपलोड करण्याआधी घरीच करायची तपासणी



मागच्या व्हिडिओत आपण स्टॉक फोटोग्राफीचा व्यवसाय कसा चालतो ते बघितलं. आज त्याच्या पुढचा, म्हणजे खरा अडचणीचा टप्पा. नवीन माणूस उत्साहाने अकाउंट उघडतो, दहा फोटो टाकतो, त्यातले आठ परत येतात. मग "आपल्याला जमणार नाही" किंवा "हे लोक भारतीयांचं घेतच नाहीत" असं म्हणून तो विषय बंद करतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. फोटो परत येण्याची कारणं मोजकी असतात, आणि त्यातली बहुतेक अपलोड करण्याआधी घरीच सापडतात.

व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जवळ ठेवा.

आधी गिऱ्हाईक ओळखा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी रंग बघतो, कण बघतो, चव बघतो. तुम्ही रात्रभर जागून गूळ केलाय का, हे तो विचारत नाही. स्टॉक एजन्सीचा रिव्ह्यूअर तसाच आहे. तुमचा फोटो त्याच्यासाठी आठवण नाही, माल आहे. तो उद्या कुणाच्या तरी जाहिरातीत, पुस्तकात किंवा पॅकिंगवर मोठा करून छापला जाणार. तिथे दोष दिसला तर एजन्सीचं गिऱ्हाईक तुटतं.

इन्स्टाग्रामवर पाचशे लाइक मिळालेला फोटो इथे परत येऊ शकतो, तो यामुळेच. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर दोष लपतात.

आणि आपल्याकडे माल नाही असं अजिबात समजू नका. जयसिंगपूरहून तासाभराच्या आत काय काय आहे बघा: गुऱ्हाळं, ऊसतोड, नृसिंहवाडीचा घाट, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भारतीय विषयांना बाजार आहे हे संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये इमेजेसबझार काढून दाखवून दिलंय. आपण उदाहरण म्हणून गुऱ्हाळच घेऊ.

पायरी १ : फाइल पात्र आहे का?

हा भाग सगळ्यात सोपा. तरीही इथे फोटो पडतात.

- शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक या दोन्हीकडे फोटो किमान ४ मेगापिक्सेलचा लागतो.
- फाइल जेपीईजी हवी, रंगाची सेटिंग एसआरजीबी हवी.
- अ‍ॅडोबी स्टॉकला एक फाइल जास्तीत जास्त ४५ एमबी चालते.

मेगापिक्सेल काढायला रुंदी आणि उंचीचे पिक्सेल गुणा. ६००० गुणिले ४००० म्हणजे २४ मेगापिक्सेल. १६०० गुणिले १२०० म्हणजे १.९२, म्हणजे नापास. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबलेला असतो, तो कधीच वापरू नका. मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या. आणि छोटा फोटो सॉफ्टवेअरने ताणून मोठा करू नका, मोठं करून बघितलं की तो ताण लगेच दिसतो.

मोबाइलने काढलेले फोटो चालतात का? चालतात, गुणवत्ता असेल तर. पण डिजिटल झूम, फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या आणि कानाच्या कडा खोट्या धूसर होतात.

पायरी २ : १०० टक्क्यांवर बघा

पूर्ण लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली पूर्ण फिरून बघा. एका फोटोला एक-दोन मिनिटं लागतात. काय शोधायचं?

*फोकस.* गुळव्याचा चेहरा विषय असेल तर डोळे धारदार हवेत, मागची भिंत नव्हे. हात हलल्यामुळे येणारी अस्पष्टता सगळ्या फोटोत एका दिशेला पसरलेली दिसते. ५० एमएमची लेन्स हातात धरून वापरत असाल तर शटर १/१०० च्या खाली नेऊ नका. काम करणारा माणूस असेल तर १/२५० बरं.

*नॉइज.* गुऱ्हाळाची शेड अंधारी असते. आपण आयएसओ ३२००, ६४०० वर नेतो आणि सावलीत रंगीत दाणे येतात. मग ते घालवायला सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन इतकं ओढतो की माणसाची कातडी मेणासारखी दिसते. दोन्ही नापास. उपाय जागेवरच करायचा असतो. ज्या बाजूने शेड उघडी आहे तिथे, सकाळच्या उजेडात उभे राहा. रव्यांची रांग, काहिल, चिपाडाचा ढीग अशा स्थिर गोष्टी ट्रायपॉडवर आयएसओ १०० किंवा २०० ला काढा. वाफेने लेन्स धुरकट होते, म्हणून कापड खिशात ठेवा. आणि काहिलीपासून अंतर राखा. उकळता रस कुठल्याही फोटोपेक्षा महाग पडेल.

*उजेड.* खिद्रापूरचा स्वर्गमंडप आठवा. वरचं छत गोल उघडं, खाली दगडी खांब. दुपारी फोटो काढला की आकाश पांढरं फक्क आणि खांब काळे. असा फोटो नंतर दुरुस्त होत नाही, कारण पांढऱ्या भागात माहितीच उरलेली नसते. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जा, रॉमध्ये काढा, हिस्टोग्राम बघत जा.

*डाग आणि कडा.* कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ निळ्या आकाशात करड्या ठिपक्यांसारखी दिसते, ती पुसून टाका. उसाच्या पानांच्या कडेला, आकाशासमोर, जांभळी रेष येते. लाइटरूममध्ये क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढण्याच्या पर्यायावर टिक केली की ती बहुतेक जाते. क्षितिज तिरकं असेल तर सरळ करा.

*रंग.* गूळ केशरी भडक करू नका. ज्याने खरा गूळ बघितलाय त्याला तो खोटाच वाटणार.

अलामी या एजन्सीची पद्धत माहीत असू द्या. तिथे एकत्र पाठवलेल्या फोटोंपैकी एक जरी गुणवत्तेत पडला तरी पूर्ण गठ्ठा परत येतो. म्हणजे एक शंकास्पद फोटो बाकीच्या चांगल्या फोटोंना घेऊन बुडतो. शंका आली की तो फोटो बाजूला काढा.

पायरी ३ : हक्क आणि परवानगी

तांत्रिकदृष्ट्या निर्दोष फोटो इथे पडतो. आणि इथे प्रश्न फक्त रिजेक्ट होण्याचा नाही, समोरच्या माणसाचाही आहे.

जाहिरातीसाठी विकल्या जाणाऱ्या फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची सही असलेलं मॉडेल रिलीज लागतं. अज्ञान मूल असेल तर पालकांची सही. एजन्सीच्या साइटवर फॉर्म मिळतो. पण फॉर्म पुढे करून "इथे अंगठा द्या" म्हणू नका. आधी मराठीत नीट सांगा: "दादा, हा फोटो जगात कुणीही विकत घेऊ शकेल, जाहिरातीत वापरेल, आणि कुठे वापरला ते मलाही कळणार नाही. चालेल का?" ऊसतोडीला आलेली ताई नको म्हणाली तर विषय संपला. तिच्या परिस्थितीचा फोटो आपल्या धंद्याचा कच्चा माल नाही. हो म्हणाली तर दिवसाचे काही पैसे द्या, तिच्या घरच्यांना फोटोची प्रत द्या. हातांचा, पाठमोरा फोटो काढणं हाही चांगला पर्याय आहे. मात्र गोंदण, दागिना अशी ओळख पटवणारी खूण असेल तर रिलीज घेतलेलंच बरं.

यानंतर लोगो. ट्रॅक्टरवरचं कंपनीचं नाव, पोत्यावरचा ब्रँड, टी-शर्टवरचं चिन्ह, गाडीची नंबर प्लेट: हे सगळं फ्रेमबाहेर ठेवा किंवा एडिटिंगमध्ये काढा. खाजगी गुऱ्हाळ सहज ओळखू येत असेल तर मालकाकडून प्रॉपर्टी रिलीज घ्या. खिद्रापूरचं मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. तिथे ट्रायपॉड, लाइट लावून काम करायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

नृसिंहवाडीच्या घाटावरच्या गर्दीत प्रत्येकाची सही शक्य नाही. अशा फोटोंसाठी एडिटोरियल हा वेगळा प्रकार आहे. तो बातमी, लेख, पुस्तक यासाठीच विकला जातो. शटरस्टॉकला त्याच्या मथळ्यात गाव, देश, तारीख आणि काय चाललंय हे ठरलेल्या पद्धतीने द्यावं लागतं. एडिटोरियल फोटोत काही पुसायचं नाही, काही जोडायचं नाही.

एआयने बनवलेलं चित्र फोटो म्हणून देऊ नका. शटरस्टॉक ते आपल्यासारख्यांकडून घेत नाही, अ‍ॅडोबी स्टॉक घेतं पण तसं जाहीर करावं लागतं.

पायरी ४ : एकसारखे फोटो नकोत

काहिलीतला रस ढवळतानाचे तीस फोटो काढले म्हणून तीस पाठवायचे नाहीत. "सिमिलर कंटेंट" म्हणून ते परत येतात. एका प्रसंगाचे तीन-चार निवडा: पूर्ण शेडचा एक, माणूस आणि काहिलीचा एक, हातांचा जवळून एक, आणि डिझायनरला मजकूर टाकायला एका बाजूला मोकळी जागा सोडलेला एक.

पायरी ५ : नाव आणि कीवर्ड

शटरस्टॉकला ७ ते ५० कीवर्ड चालतात, अ‍ॅडोबी स्टॉकला जास्तीत जास्त ४९. अ‍ॅडोबीवर पहिल्या दहांना जास्त महत्त्व असतं, म्हणून नेमके शब्द आधी. कीवर्ड इंग्रजीत द्या. जे फोटोत आहे तेच लिहा. गुळाच्या फोटोला "दिवाळी", "ताजमहाल" लावलं तर फोटो सापडत नाही, उलट परत येतो. "जॅगरी", "शुगरकेन", "महाराष्ट्र", "ट्रॅडिशनल फूड" इतकं साधं पुरे. आपल्याला मिळणारा फायदा असा की बाहेरच्या फोटोग्राफरला नुसतं "इंडियन फूड" लिहिता येतं. तुम्हाला ती प्रक्रिया नावानिशी माहीत आहे.

आता हिशेब

खरं सांगतो. शटरस्टॉकने जून २०२० पासून फोटोग्राफरचा हिस्सा १५ ते ४० टक्के असा पातळीनुसार केला, आणि दर जानेवारीत पातळी पुन्हा खाली येते. तिथे एका डाउनलोडचे १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपयेही मिळू शकतात. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं आणि २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. अमेरिकन एजन्सीला डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात पॅन लागतो. इथल्या कराचं तुमच्या सीएला विचारा.

म्हणून कर्ज काढून लाखाचा कॅमेरा घेऊ नका. चालू काम सोडू नका. लग्नाच्या ऑर्डर करणाऱ्या फोटोग्राफरने रिकाम्या दिवसांत जोडधंदा म्हणून हे सुरू करावं. एकदा पास झालेला फोटो वर्षानुवर्षं विकला जाऊ शकतो, पण त्यासाठी पास होणारे फोटो सातत्याने पडत राहायला हवेत.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या जुन्या संग्रहातले २० फोटो निवडा.
२. प्रत्येक फोटो १०० टक्क्यांवर तपासा आणि वहीत लिहा: फोकस, नॉइज, उजेड, डाग, लोगो, माणसाची परवानगी.
३. सहाही रकाने स्वच्छ असलेलेच बाजूला काढा. २० मधून तीन उरले तरी चालेल.
४. तेवढेच अपलोड करा.
५. रिजेक्ट झालं तर कारण वहीत त्याच फोटोसमोर लिहा. महिन्याभराने वही उघडलीत की आपलं कुठे चुकतंय ते आपोआप दिसेल. नॉइज असेल तर उजेडाची वेळ बदला, फोकस असेल तर शटर.

रिजेक्टचा ईमेल म्हणजे फुकटात मिळालेली शिकवणी समजा. वही आजच घ्या. पुढच्या व्हिडिओत मॉडेल रिलीजचा फॉर्म ओळीओळीने कसा भरायचा ते बघू.