मोठ्या मुलाची बाबागाडी

कडेवरचे मूल ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट. वर्ष-दीड वर्षाचे मूल आईच्या कडेवर असते, वडिलांच्या खांद्यावर असते, आजीच्या मांडीवर असते. त्याला कोणी ओझे म्हणत नाही. पुढे ते चालू लागते, धावू लागते, आणि कडेवर घेतलेले त्यालाच आवडेनासे होते. पण ज्या मुलाचे पाय चालण्याइतके बळकट झालेच नाहीत, मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे अंग ताठ किंवा लुळे राहिले, किंवा ज्याचे स्नायू वर्षागणिक क्षीण होत चालले आहेत, त्याचे काय? तेही वाढतेच की! आठव्या-नवव्या वर्षी त्याचे वजन वीस-पंचवीस किलो होते. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढा हा भार त्याची आई दिवसातून दहा वेळा उचलते, जिना उतरते, बसमध्ये चढते.

अशा घरात पुढे काय होते ते पाहा. आधी आईची कंबर दुखू लागते. मग लग्नकार्याला जाणे टळते. मग बाजार, मग देऊळ, मग शाळा. ‘उद्यापासून हे मूल घरातच राहील’ असे कोणी ठरवीत नाही; पण दोन वर्षांनी पाहावे तो मुलाचे सारे जग म्हणजे एक खोली आणि एक खिडकी! हे आजारामुळे झाले असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते केवळ योग्य गाडी नसल्यामुळे झालेले असते.

मग आपण म्हणाल, बाबागाडी आहे ना! आहे, पण ती तान्ह्या मुलांसाठी. युरोपातल्या मानकाप्रमाणे साधी बाबागाडी १५ किलो वजनापर्यंतची धरतात, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठीची २२ किलोंपर्यंतची. त्यापुढे तिचे सांधे खिळखिळे होतात, चाके फाकतात. शिवाय अडचण वजनाचीच नाही, बैठकीचीही आहे.

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा जनक ओवेन मॅक्लॅरन हा इंग्रज इंजिनियर. स्पिटफायर विमानाची जमिनीवर उतरण्याची यंत्रणा त्याच्या हाताखालून गेलेली. नातवंडाची अवजड गाडी पाहून त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहूनही हलकी गाडी १९६५ साली तयार केली. कल्पना नामी खरी. पण या गाडीची बैठक म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेले कापड. थोडक्यात, झोळीच! झोळीत बसले की मांड्या आत वळतात, कंबर घसरते, पाठीला बाक येतो. धडधाकट मूल चुळबुळ करून आपले आपण सावरते. ज्याला सावरता येत नाही, ते तासन् तास तसेच राहते, आणि वाढत्या वयात हाडे त्या वाकड्या बसण्याची सवय धरतात. पाठीचा कणा एका बाजूस झुकतो, खुब्याचा सांधा निसटू लागतो. म्हणून झोळीची गाडी दवाखान्यापर्यंतच्या फेरीला चालेल. दिवसभर बसायला नाही.

तेव्हा गाडी शोधण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या मुलाला गाडी नेमकी कशासाठी हवी?

मूल नीट बसू शकते, थोडे चालतेही, पण लवकर थकते किंवा गर्दीत भांबावून धावत सुटते. अशाला हलकी, मिटणारी, पण ताठ बैठकीची गाडी पुरते. दुसरे मूल असे, की ज्याची मान ठरत नाही, धड सावरत नाही. त्याला डोक्यापर्यंत उंच पाठ, बाजूंना आधार आणि मागे कलणारी बैठक लागते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. नुसती पाठ मागे पडणारी गाडी वेगळी, आणि बैठक व पाठ यांचा कोन तसाच राखून अख्खी बैठक कलणारी गाडी वेगळी. पहिल्या प्रकारात मूल पुढे घसरते. दुसऱ्यात ते जागच्या जागी राहते आणि मानेवरचा भार कमी होतो. अशा मुलांना ही दुसरी गाडी बरी.

आणि तिसरे मूल? त्याचे पाय अधू, पण हात बळकट. त्याला बाबागाडी घेऊच नका! त्याला स्वतःच्या हाताने चाके फिरवता येतील अशी लहान मापाची चाकाची खुर्ची द्या. जे मूल स्वतः जाऊ शकते त्याला आयुष्यभर ढकलत नेणे ही माया नव्हे. खिडकीपाशी जायचे की दाराशी, हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे.

आता माप. मुलाला भिंतीला पाठ टेकवून कठीण बाकावर बसवा. एकाने धरावे, दुसऱ्याने शिंप्याची टेप लावावी. चार मापे पुरतात. कमरेची रुंदी: गाडीची बैठक तिच्यापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर जास्त असावी, अधिक नको. मागच्या भिंतीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचे अंतर: बैठक त्याहून दोन बोटे आखूड हवी, म्हणजे तिची कड पोटरीला रुतत नाही. गुडघ्यामागून टाचेपर्यंतची लांबी: ही पायटेकणीची उंची, पाय लोंबकळता कामा नयेत. आणि बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची, मान ठरत नसेल तर डोक्यापर्यंतची. ही मापे कागदावर लिहा, तारीख घाला आणि एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्हा रुग्णालयात हे तज्ज्ञ भेटतात. मुंबईत हाजी अलीजवळची, १९५५ सालापासून चालत आलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तर याच कामासाठी आहे.

मापाचा एवढा आग्रह का? कारण आपली एक जुनी खोड. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. दोन वर्षे पुरला पाहिजे ना! गाडीच्या बाबतीत हा हिशेब अंगाशी येतो. सैल सदऱ्यात मूल अजागळ दिसते, एवढेच. सैल गाडीत ते रोज एका कुशीला कलंडते. गाडी आजच्या अंगाची हवी. वाढीची सोय वेगळ्या मार्गाने करता येते. पायटेकणी खालीवर सरकणारी घ्या. पाठीमागे आणि बाजूंना काढता-घालता येणाऱ्या घट्ट गाद्या ठेवा. मूल वाढेल तशा त्या कमी करा. म्हणजे गाडी तीच राहते आणि माप बदलत जाते.

आता पैशाची गोष्ट. परदेशी बनावटीची खास गाडी पुष्कळदा लाखाच्या घरात जाते, हे खरे. पण तेवढ्यावरून हात टेकायचे कारण नाही.

पहिला मार्ग सरकारी. केंद्र सरकारची ‘एडिप’ नावाची योजना १९८१ सालापासून चालू आहे. दिव्यांगांना लागणारी साधने तिच्यातून मिळतात. कानपूरला १९७२ साली स्थापन झालेला ‘अलिम्को’ हा सरकारी कारखाना ती बनवतो. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी खास खुर्चीही त्याच्या साधनांत आहे, तिला ‘सी. पी. चेअर’ म्हणतात. २०२२ साली सुधारलेल्या नियमांनुसार आईवडिलांचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत. मात्र ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला हवा. तेव्हा आधी दाखला आणि दिव्यांग ओळखपत्र काढून घ्या. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो एका पिशवीत कायम तयार ठेवा. शिबिराची दवंडी ऐनवेळी पिटली जाते आणि पुष्कळांचे काम एका कागदावाचून अडते.

आणखी एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. एकदा साधन मिळाले की मोठ्या माणसाला तीन वर्षे दुसरे मिळत नाही. पण १२ वर्षांखालच्या मुलासाठी ही अट एकाच वर्षाची आहे. मूल वाढते हे नियम करणाऱ्यांनीही जाणले आहे. तेव्हा ‘मागे एकदा मिळाली होती’ म्हणून गप्प बसू नका.

दुसरा मार्ग शाळेचा. मूल शाळेच्या पटावर असेल, तर समग्र शिक्षा योजनेतूनही साधने देतात. मुख्याध्यापकांना भेटा आणि तालुक्याच्या विशेष शिक्षकांकडे नाव नोंदवा. तिसरा मार्ग तर गावातच आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, महापालिकेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. ग्रामसभेत उभे राहून हे विचारायला संकोच कसला? अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या.

चौथा मार्ग आपल्या सुताराचा आणि वेल्डरचा. बाजारात साधी घडीची चाकाची खुर्ची पाच-सात हजारांपासून मिळते. जुनी असेल तर आणखी स्वस्त. तिचा सांगाडा आणि चाके ठेवायची आणि आत मुलाच्या मापाची बैठक बसवायची. प्लायवूडची तळफळी व पाठ, वर दाबल्यावर पटकन न बसणारा घट्ट फोम, त्यावर धुता येईल असे सुती आवरण. कंबरेचा पट्टा पोटावर नको, मांडीच्या मुळाशी यावा. त्यानेच मूल घसरायचे थांबते. पाय एकमेकांवर चढत असतील तर गुडघ्यांच्या मध्ये लहानशी गादीची खुंटी बसवा. छातीचा पट्टा मानेकडे सरकणार नाही इतका खाली असावा.

लाकूडही परवडत नसेल, तर झिंबाब्वेमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेली एक पद्धत आहे. जुने पुठ्ठे आणि रद्दी कागद खळीने थरावर थर चिकटवायचे आणि उन्हात कडकडीत वाळवायचे. इतका टणक तक्ता होतो की त्याची बसायची खुर्ची करता येते! डेव्हिड वर्नर यांनी खेड्यांतल्या अपंग मुलांसाठी लिहिलेले पुस्तक १९८७ साली निघाले. घरच्या घरी, गावच्या कारागिराकडून साधने कशी करावीत हे त्यात चित्रे काढून दाखवले आहे. आपल्याकडे पावसाळ्याचा घोर आहे, म्हणून कागदी बैठकीला सर्व बाजूंनी तेलरंगाचे दोन-तीन हात दिलेच पाहिजेत.

गाडी कुठूनही येवो, मूल बसवण्याआधी तिची परीक्षा घ्या. मुलाच्या वजनाइतके धान्याचे पोते तिच्यात नीट बांधा आणि उतारावर ब्रेक लावून पाहा. मागे कलवून पाहा, उलटते का? खडीच्या रस्त्यावर ढकला; पुढची चाके फारच लहान असली तर ती खड्ड्यात अडतात आणि गाडी तोंडावर येते. घराचे सर्वांत अरुंद दार मोजा. पुष्कळदा ते न्हाणीघराचे असते. एस. टी.ने जाणार असाल तर गाडी मिटून एका हाताने उचलता येते का, तेही पाहा. मोटारीत मात्र ही गाडी आसन म्हणून वापरू नका. धक्का सोसण्याची परीक्षा झाल्याखेरीज ते धोक्याचे आहे.

मूल बसल्यावर पहिले काही दिवस थोडाच वेळ बसवा. उठवल्यावर कंबर, ढुंगण, टाचा तपासा. लाल डाग थोड्या वेळात मावळला नाही, तर तिथे गाडी टोचते आहे असे समजा. ज्या मुलांना कमरेखाली स्पर्शच कळत नाही त्यांच्या बाबतीत ही काळजी रोजची. त्यांना दुखते हे ती सांगू शकत नाहीत. आणि जेवू घालताना मूल ताठ, हनुवटी किंचित खाली असे असावे. आडवे ठेवून भरवल्याने घास श्वासनलिकेत जातो. चांगल्या गाडीचा हाही एक मोठा लाभ.

सहा महिन्यांनी तोच कागद काढा, पुन्हा टेप लावा. एक दिवस असा येईल की सगळ्या गाद्या काढूनही मूल मावणार नाही. तेव्हा काय कराल? बहुतेक घरांत अशी गाडी माळ्यावर जाते आणि गंजते. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांच्या पुस्तकपेढ्या आहेत. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. तिथे पलंग, कुबड्या, वॉकर नाममात्र भाड्याने मिळतात. मग त्याच केंद्रात मुलांच्या चार गाड्या का नसाव्यात? प्रत्येकीवर बैठकीची मापे लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे नवा पालक आपला कागद घेऊन येईल आणि जुळवून पाहील. एका मुलाला लहान झालेली गाडी दुसऱ्याला अगदी बेताची असते.

तेव्हा आपली गाडी माळ्यावर टाकू नका. तिच्या पट्ट्या धुवा, चाकांना तेल घाला आणि ती केंद्रात पोचवा. तुमच्याच गल्लीत, पलीकडच्या वाडीत, एक आई आठ वर्षांचे मूल कडेवर घेऊन जिना उतरते आहे. तिला ही गाडी आजच हवी आहे.