मधुमेही व्यक्तीचे यकृत आणि रोजचे ताट

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत पाहुण्यांचे तोंड धारवाडी पेढ्याने गोड केले जाते आणि सायंकाळी गिरमिट व मिरची भजी यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. ज्वारीची भाकरी, भरले वांगे, मोड आलेल्या मटकीची उसळ व कच्ची मेथी हे जेवणही याच घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मधुमेही व्यक्तीने यांपैकी कशाची निवड करावी, हा प्रश्न केवळ रक्तातील साखरेचा नाही. तो यकृताचाही आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढपणी जडणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात चरबी साठलेली आढळते. यालाच ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात.

चरबी कशी साठते?

दारूला कधी न शिवलेल्या माणसाचे यकृत बिघडणार नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे अंगावरील चरबी सुटून रक्तावाटे यकृतात येते. शिवाय गरजेपेक्षा अधिक खाल्लेल्या भात, मैदा व साखर यांचे रूपांतर यकृत स्वतःच चरबीत करते. तेल कमी वापरणाऱ्या घरातही हा विकार शिरतो, तो यामुळेच.

या अवस्थेत बहुधा काहीही दुखत नाही आणि खरा धोका तेथेच आहे. काही रुग्णांत यकृताला सूज येते, पुढे व्रण पडून ते कठीण होते. कावीळ दिसेपर्यंत किंवा पोटात पाणी होईपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून २०२१ मध्ये केंद्र शासनाने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मधुमेही व्यक्तीने त्रास नसतानाही डॉक्टरांकडून यकृताची तपासणी करून घ्यावी.

ताट कसे असावे?

अर्धे ताट पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबीर यांनी भरावे. पाव भागात डाळ, उसळ, अंडे किंवा मासे असावेत. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात घ्यावा. ज्वारी व राळे ही धान्ये पांढऱ्या भातापेक्षा सरस खरी. तथापि भाकरीतही पिष्ट असतेच, म्हणून ती मोजून खावी. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेतल्यास दिवसाला आठ चमचे साखर पोटात जाते. गूळ व मध यांनाही हाच नियम लागू आहे. रसाऐवजी अख्खे फळ खावे. पेढा व भजी यांना सणावारापुरतेच स्थान द्यावे आणि मद्य वर्ज्य करावे.

वजन जास्त असल्यास ते हळूहळू उतरवावे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीने ४ किलो वजन घटविल्यास यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ६ ते ८ किलो घटल्यास सूजही उतरू शकते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे यास साहाय्यभूत होते.

मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना कडक उपवास करू नये; साखर एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते. यकृत ‘साफ’ करणाऱ्या अनोळखी चूर्णांच्याही नादी लागू नये. त्यांपैकी काहींनी यकृतालाच इजा होते.

रुग्णासाठी निराळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. हेच ताट घरातील सर्वांनी स्वीकारल्यास रुग्णास पथ्य जड जात नाही आणि मुलांनाही योग्य आहाराची सवय लागते. यकृतातील चरबी वेळीच ओळखल्यास ती मागे हटविता येते, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावे.