परसातील फळझाड : जपानी तिंदुक की आपले म्हाळुंग?

दिवाळीनंतर कुलूहून परतलेल्या एका रुग्णाने टोमॅटोसारखी दिसणारी चार नारिंगी फळे चिकित्सालयात आणून दिली. हिमाचलात यास ‘जपानी फळ’ म्हणतात. शहरांतील दुकानांत ते पर्सिमॉन या नावाने मिळते. त्यातील एक अर्धवट पिकलेले फळ चाखताच जीभ अशी आखडली की, कषाय रसाचे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना दाखविता येणार नाही. “वैद्यराज, याची बी परसात रुजेल का?” असा त्यांचा प्रश्न होता. तोच या लेखाचे निमित्त झाला.

हा वृक्ष आपणांस सर्वस्वी परका नाही. आपल्या रानातील टेंभुर्णीचा तो भाऊबंद असून चरकोक्त उदर्दप्रशमन महाकषायाचा आरंभ ज्या तिंदुकाने होतो, तोही याच वंशातील. चिनी वैद्यकात या जपानी फळाच्या देठाकडील टोपीचा काढा हिक्केवर देतात. तथापि हा पानगळीचा वृक्ष असून त्यास हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, आणि हातकणंगले परिसरातील सौम्य हिवाळ्यात ती मिळत नाही. झाड कदाचित जगेल. फळाची आशा मात्र धरू नये. टेंभुर्णी लावावी, तर नर व मादी झाडे वेगळी, वाढ संथ आणि सोटमूळ खोल जाणारे, त्यामुळे रोपाचे स्थलांतर तिला सोसत नाही. दवाखान्यामागील दोन-तीन गुंठ्यांत ती सहसा जमत नाही.

मग काय लावावे? प्रस्तुत लेखकाचे उत्तर एकच आहे : म्हाळुंग, अर्थात मातुलुंग.

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात हे फळ आहे, हे आपल्या जिल्ह्यात लहान मुलासही ठाऊक असते. परंतु मंडईत ते मागावयास गेल्यास विक्रेता ईडलिंबू पुढे करतो. चरकाच्या गुल्मचिकित्सितात हिंग्वादी चूर्णास मातुलुंगरसाच्या भावना देऊन गुटिका करण्यास सांगितले आहे. प्रत्यक्षात खलात काय पडते? बहुधा साधे लिंबू. कारणही उघड आहे. म्हाळुंगाची साल जाड, गर थोडा आणि रस त्याहून थोडा. पण अडचण समजली म्हणून बदल शास्त्रसंमत होत नाही. ग्रंथोक्त औषध म्हणून परवाना घेतलेल्या कल्पाच्या वेष्टनावर मातुलुंग लिहावयाचे आणि आत लिंबू घालावयाचे, यास प्रतिनिधिद्रव्य म्हणणे मला तरी जड जाते. फार्मसीचालक बंधूंना हे वाक्य कठोर वाटल्यास क्षमस्व.

रोपाची निवड हा खरा कळीचा मुद्दा आहे. एका रोपवाटिकेतून म्हाळुंग म्हणून आणलेले रोप मी चार वर्षे जोपासले. फळ धरले ते ईडलिंबाचे! चूक माझीही होती, कारण पान पाहिले असते तर तेव्हाच उलगडा झाला असता. लिंबाच्या पानाच्या देठास बारीक पंखासारखी कड असते व देठ जेथे पात्यास मिळतो तेथे स्पष्ट सांधा दिसतो. म्हाळुंगाच्या देठास पंख नसतो व सांधाही नसतो. देठ सरळ पात्यात विलीन होतो. कोवळी पालवी व कळ्या जांभळट असतात. खरेदीपूर्वी एवढे पाहावेच.

याहून बरा मार्ग म्हणजे खात्रीच्या, फळ देणाऱ्या झाडाचे छाट आणणे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्की फांदी पावसाळ्याच्या आरंभी पिशवीत लावल्यास सहज मुळे धरते. या झाडाचे फळ मूळ झाडासारखेच असते आणि बीपासून केलेल्या झाडापेक्षा लवकर येते.

आपल्याकडील उसाची काळी भारी जमीन मात्र म्हाळुंगास मानवत नाही. पाणी साचले की बुंध्याशी डिंक्या रोग येतो. म्हणून दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन मुरूम, पोयटा व कुजलेले शेणखत भरावे आणि रोप जमिनीपासून वीतभर उंच वरंब्यावर लावावे. आळे खोडापासून दूर ठेवावे. पाण्याने बुंधा भिजता कामा नये. पावसाळ्यापूर्वी बुंध्यास बोर्डो मलम लावावे. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या कोवळी पालवी फस्त करतात. त्या हाताने वेचाव्यात. शेजारच्या उसावर तणनाशक मारले जात असेल, तर वाऱ्याची दिशा पाहून शेजाऱ्यास आधीच विनंती केलेली बरी. औषधी झाडावर तो फवारा येणे दुहेरी नुकसानीचे आहे.

जागा उरल्यास आवळा अवश्य लावावा, पण एकटा नव्हे. एकाच वाणाच्या परागाने त्यास फळधारणा नीट होत नाही, एन. ए. ७ सोबत कृष्णा किंवा कांचन यांपैकी एखादे कलम हवे. डाळिंबाचा मोह आमच्या भागात आवरावा. भारी जमीन व दमट हवा यांत तेल्या रोग पिच्छा सोडत नाही. शिवाय बाजारातील वाण गोड, तर अनारदाण्यास आंबट फळ लागते.

एका झाडावर फार्मसीची गरज भागणार नाही, हे मान्य. शेताच्या बांधावर पंधरा-वीस झाडे असली तर गोष्ट निराळी. वैद्याच्या स्वतःच्या खलापुरता रस मात्र परसातील एक झाड देते. त्या रुग्णास मी जपानी फळाच्या बीऐवजी म्हाळुंगाचे छाट दिले. परवा ते सांगून गेले की, त्यास नवी पालवी फुटली आहे, जांभळट.