शुगर आणि पायाची न भरणारी जखम

कपाशीच्या शेतात पायात काटा मोडतो. हळद लावली जाते, पंधरा दिवस जातात, जखम तशीच. आमच्या बोदवडकडे शुगर असल्याचे कित्येकांना असे कळते. ‘अंगाने इतके बारीक, यांना कशी?’ असे घरचे विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली याचे उत्तर एका छायाचित्रातूनच दिले. त्यात ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! तेव्हा बारीकपणावर विसंबू नये, रक्त तपासावे.

जखम का भरत नाही? रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे नाजूक अस्तर असते. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हेच अस्तर तयार करते. शुगर सतत वाढलेली राहिली की अस्तराला इजा होते. त्याची डागडुजी करणाऱ्या पेशी हाडांतल्या मगजातून येऊन रक्तात फिरतात. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्या दाखवून दिल्या. यांतल्या बऱ्याच पेशी स्वतः अस्तर बनत नाहीत, शेजारच्या पेशींना वाढायला लावतात, हे पुढे कळले. गवंडी कमी, मुकादम जास्त म्हणा ना! टाइप २ मधुमेहात या पेशी घटतात आणि उरलेल्यांचेही काम मंदावते. पडझड वाढते नि कारागीर कमी होतात.

त्यात पायाच्या नसा बधिर. मे महिन्यात जुम्याला मशिदीच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजला तरी समजत नाही. म्हणून वुजूत बोटांच्या बेचक्यांत पाणी फिरवताना डोळ्यांनीही पाहावे, मग पाय कोरडे करावेत. अब्बांना वाकता येत नसेल तर त्यांचे तळवे नातवाने पाहावेत.

नियमित व्यायामाने आणि बिडी-सिगारेट सोडल्याने या पेशी वाढतात, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र तळव्याला उघडी जखम असताना चालायला जाऊ नये. ‘स्टेम सेलने शुगर बरी’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. तो अजून नेहमीचा उपचार नाही. फोड, काळा डाग किंवा वास दिसला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग भुसावळची गाडी पकडावी लागली तरी चालेल.