सनदी शाळा : स्वायत्तता आणि उत्तरदायित्व

शाळा शासनाच्या पैशावर चालावी, तेथे कोणत्याही मुलाला विनाशुल्क प्रवेश मिळावा आणि तरीही काय व कसे शिकवावे हे ठरविण्याची मोकळीक शिक्षकांना असावी, ही अपेक्षा वरवर पाहता परस्परविरोधी वाटते. सार्वजनिक पैसा आला की नियम येतात आणि नियम आले की प्रयोगाला वाव उरत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या पेचातून मार्ग काढण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली तीन दशके चालू आहे. तेथे अशा शाळांना 'चार्टर स्कूल', म्हणजेच सनदी शाळा, असे म्हणतात.

या कल्पनेचा उगम शिक्षकांसंबंधीच्या विचारातून झाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांनी शिक्षकांच्या गटाला ठराविक मुदतीची सनद देऊन नवा अभ्यासक्रम राबवू द्यावा, अशी सूचना मांडली होती. अमेरिकेतील एका प्रमुख शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये तिचा जाहीर पुरस्कार केला. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा संमत केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांना पुन्हा शाळेत आणणे हे तिचे कार्य होते. २०२१ च्या सुमारास अशा शाळांची संख्या ७,८०० च्या आसपास आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३७ लाख झाली होती.

सनद म्हणजे काय?

सनद म्हणजे शाळा चालविणारे मंडळ आणि सनद देणारे प्राधिकरण यांच्यातील लेखी करार होय. हे प्राधिकरण राज्याच्या कायद्याप्रमाणे स्थानिक शाळा मंडळ, राज्य शिक्षण मंडळ, विद्यापीठ किंवा यासाठीच नेमलेला आयोग असू शकते. शाळा कोणत्या मुलांसाठी आहे, अध्यापनाची पद्धत कोणती, मुलांनी काय साध्य करावयाचे, ते कशावरून मोजावयाचे आणि हिशेब कसा ठेवावयाचा, हे सर्व करारात नमूद असते. त्याची मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. मुदत संपल्यावर कामाचा आढावा घेऊन नूतनीकरण होते किंवा सनद रद्द होऊन शाळा बंद होते.

या करारामुळे शाळेला वेळापत्रक, पाठ्यक्रम, शिक्षकांची निवड आणि खर्चाची वाटणी यांबाबत बरीच मुभा मिळते. काही बंधने मात्र सुटत नाहीत. शुल्क घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडत काढावी लागते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांसाठी निघणारी सोडत वाचकांच्या परिचयाची आहेच. अपंग मुलांना विशेष शिक्षण देण्याचे दायित्व इतर सार्वजनिक शाळांप्रमाणेच असते. तिसरी ते आठवीच्या मुलांना वाचन व गणिताची राज्य परीक्षा दरवर्षी द्यावी लागते. निधी मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर मिळतो. मूल ज्या शाळेत जाईल, तिकडे त्याच्या वाट्याचा पैसा जातो.

वेगळ्या पद्धतीचे एक उदाहरण

सर्वच सनदी शाळा प्रयोगशील असतात असे नाही. पुष्कळशा शाळा रूढ पद्धतीनेच, परंतु अधिक कडक शिस्तीने चालतात. तथापि मॉन्टेसरी, वॉल्डॉर्फ किंवा प्रकल्पपद्धती यांसारख्या पद्धती, ज्या तेथे बहुतांशी शुल्क भरू शकणाऱ्यांच्या मुलांपुरत्या मर्यादित होत्या, त्या सनदेमुळे अधिक प्रमाणात विनाशुल्क उपलब्ध झाल्या.

मिनेसोटातील हेंडरसन या लहानशा गावातील 'न्यू कंट्री स्कूल' हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत तासागणिक घंटा आणि विषयवार तासिका यांना फाटा देण्यात आला. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे मेज असते आणि एका मार्गदर्शक शिक्षकाकडे सुमारे वीस मुलांचा गट असतो. विद्यार्थी प्रकल्पाचा प्रस्ताव स्वतः लिहितो. त्यातून राज्याने ठरविलेली कोणती शैक्षणिक उद्दिष्टे पूर्ण होतील, हेही त्यालाच मांडावे लागते. शिक्षकांनी तो मान्य केल्यावर काम सुरू होते आणि पूर्ण झालेले काम पालक व गावकरी यांच्यासमोर सादर केले जाते. शाळेला रूढ अर्थाने मुख्याध्यापक नव्हता. शिक्षकांनी सहकारी संस्था स्थापन केली आणि शाळेच्या मंडळाने अध्यापनाचे काम त्या संस्थेकडे कराराने सोपविले.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये या शाळेची मुले शिक्षिकेसह गावाजवळच्या तळ्याकाठी निसर्गनिरीक्षणासाठी गेली असता त्यांना पाय नसलेले, अधिक पाय असलेले असे अनेक बेडूक आढळले. मुलांनी मोजणी केली, नोंदी ठेवल्या आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळविले. पुढे राज्याच्या इतर भागांतूनही तशीच वृत्ते आली आणि शास्त्रज्ञांचे संशोधन सुरू झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून एक परोपजीवी कृमी बेडकांत असे व्यंग निर्माण करू शकतो, हे सिद्ध झाले. मात्र सर्व ठिकाणच्या व्यंगांचे कारण एकच असल्याचे ठरले नाही. ज्या वेळापत्रकात तळ्याकाठी पुन्हा पुन्हा जाण्यास जागा असते, तेथेच असे काम पुढे चालू शकते.

पद्धत आणि परीक्षा यांचा ताण

येथेच खरी अडचण सुरू होते. मॉन्टेसरी वर्गात सहा ते नऊ वर्षांची मुले एकत्र शिकतात आणि प्रत्येकाची गती वेगळी असते. वॉल्डॉर्फ पद्धतीत औपचारिक वाचन इतर शाळांच्या मानाने उशिरा सुरू होते आणि आरंभी गोष्ट, चित्रकला व हस्तव्यवसाय यांवर भर असतो. राज्याची परीक्षा मात्र तिसरीत ठरल्या वेळी येते. परीक्षेसाठी पद्धत बदलावी तर सनदेचा हेतू मावळतो आणि परीक्षेकडे दुर्लक्ष करावे तर सनदच धोक्यात येते. म्हणून जाणत्या शाळा परीक्षेच्या निकालाबरोबरच प्रकल्पांचे संग्रह, वाचनाची नियमित तपासणी, उपस्थिती आणि पुढील शिक्षणातील प्रगती हे निकषही करारातच लिहून घेतात. मोजमाप आधी ठरलेले असले म्हणजे आढाव्याच्या वेळी सबबींना जागा राहत नाही आणि अन्यायही होत नाही.

यश किती, अपयश किती?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधन केंद्राने २००९ मध्ये सोळा राज्यांच्या पाहणीत गणिताचा विचार केला, तेव्हा १७ टक्के सनदी शाळा शेजारच्या सार्वजनिक शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के त्यांहून कमी ठरल्या. उरलेल्यांत लक्षणीय फरक नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात सनदी शाळांतील मुले सरासरीने वाचनात शाळेच्या १६ दिवसांइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी पुढे आढळली. परंतु केवळ संगणकाद्वारे चालणाऱ्या शाळांतील मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांइतकी मागे होती. सनद स्वतः शिकवीत नाही, हेच यावरून दिसून येते. ती चांगल्या शिक्षकाला वाव देते आणि देखरेख ढिली असेल तर अकार्यक्षम चालकालाही वाव देते.

ओहायो राज्यात २०१८ च्या जानेवारीत, ऐन वर्षाच्या मध्यावर, अशीच एक संगणकीय शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांना नवी शाळा शोधावी लागली. प्रत्यक्ष शिक्षण जेवढे होत होते, त्याहून अधिक विद्यार्थिसंख्येवर तिने निधी घेतला होता, असे राज्याच्या तपासणीत आढळले होते. दुसरा आक्षेप सर्वसाधारण सार्वजनिक शाळांचा आहे. काही मुले गेली की त्यांचा निधी जातो. पण इमारत, वाहतूक आणि शिक्षक यांवरील खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. मागे राहिलेल्या मुलांचे यात नुकसान होऊ नये, हा प्रश्न तेथे अद्याप वादाचा आहे.

आपल्या दृष्टीने

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळाही शासनाच्या पैशावर संस्थांनी चालविलेल्या शाळा आहेत. परंतु त्यांचे अनुदान मुदतीच्या शैक्षणिक कराराशी बांधलेले नसते आणि पाठ्यक्रमही सामायिक असतो. तेव्हा अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याचा प्रश्न येथे नाही. शिवाय वेगळ्या अध्यापनाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे मॉन्टेसरीचे तत्त्व घेऊन, परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. ते कार्य सनदेवाचून झाले.

या व्यवस्थेपासून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आधी लिहून ठेवण्याची शिस्त होय. शिक्षण हक्क कायद्याने बहुसंख्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. शाळेत नवा उपक्रम येतो तेव्हा या समितीने व पंचायत सदस्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. हा उपक्रम कोणत्या मुलांसाठी आहे? वर्षअखेर त्यांना काय येईल? ते आपण कशावरून ओळखणार? उपयोग न झाल्यास कोणी व केव्हा थांबवावयाचे? या प्रश्नांची उत्तरे आरंभीच कागदावर आली, तर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाला निर्भयपणे काम करता येईल आणि त्याच्या प्रयोगाची किंमत मुलांना मोजावी लागणार नाही.